टिपणीसबाई आणि काकूंचा शेणकिडा

टिपणीसबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका गिऱ्हाइकाची अंगठी चिमट्यात धरून उभ्या होत्या. पालीची तुटलेली शेपटी केरात टाकायला न्यावी, तसा चेहरा. समोरचा गृहस्थ चांगला सुटाबुटातला, अंगठी त्याच्या आजीची. बाईंनी इंग्रजीत एवढंच विचारलं, "टूथपेस्टनं घासलीत ना?" खुनाची कबुली द्यावी तशी त्यानं मान हलवली. "शी," बाई म्हणाल्या, आणि ते मात्र शुद्ध मराठीत. त्या माणसाला भाषा कळली नाही, पण निकाल कळला.

वेस्ट लंडनमधल्या एका लिलावघरात आम्ही दोघं कामाला होतो. त्या दागिन्यांची पारख करायच्या, मी कॅटलॉगसाठी फोटो काढायचो. तळघरातल्या खोलीत त्यांचं टेबल आणि माझा कॅमेरा समोरासमोर. साऱ्या इमारतीत मराठी येणारे आम्ही दोघंच, त्यामुळे इतरांची निंदा करायला हक्काची भाषा होती आणि तिचा आम्ही पुरेपूर वापर केला. बाईंचं चरित्र मला ठाऊक नाही. नवरा भूलतज्ज्ञ होता, तो वारला, मूलबाळ नाही, घर ईलिंगला, एवढं इकडून तिकडून कळलं. विचारलं असतं तर "कशाला हवंय तुला?" म्हणाल्या असत्या.

बाईंचं "शी" ऐकल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नसे. हँड क्रीम लावलेल्या हातांनी मोती उचलणाऱ्या बायका, शी. मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करणारा आमचा ऑलिव्हर, शी. ट्रेनमध्ये ओले कोट घालून अंगाला खेटणारी माणसं, इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरची सकाळची फुलं आणि सुविचार, चहात बिस्कीट बुडवून ते मोडून पडल्यावर बोटानं काढणं. हे शेवटचं मी करायचो. त्या खुर्ची फिरवून पाठ करून बसायच्या. मला हा स्वभाव आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो. मलाही माणसांची बऱ्यापैकी किळस येते, पण ती मी गिळतो. गिळून गिळून पोट बिघडतं. बाईंना तो त्रास नव्हता.

आवडलेल्या वस्तूपुढे मात्र त्या वेगळ्याच व्हायच्या. आधी उठून साबणानं हात धुवायच्या, कोरडे करायच्या, मग बसायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे रोमचं बारीक काचकाम. एकदा भिंगाखाली धरून मला दाखवलं होतं. वरून पाहिलं तर रंगवलेलं चित्र वाटतं. भिंगातून दिसतं की ते खसखशीहून बारीक काचेच्या तुकड्यांचं आहे. काच तापवून केसासारखी ओढायची, तिचे तुकडे पाडायचे आणि चिमट्यानं एकेक उभा लावत जायचं. दीडेकशे वर्षांपूर्वी फिरायला गेलेले पैसेवाले इंग्रज आठवण म्हणून हे विकत आणायचे. पडकी देवळं, कबुतरं, मांडीवरची कुत्री. भोवतीची सोन्याची चौकटही गमतीची. ती जुन्या धाटणीची, म्हणजे त्या काळातही जुनी असलेली. जमिनीखालून दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे दागिने निघाले, ते पाहून तिथले सोनार वेडे झाले आणि तसेच बारीक सोन्याचे रवे, तशाच पिळाच्या तारा जमवायच्या मागे लागले.

"म्हणजे नक्कलच की," मी म्हणालो.

"नक्कल आहे, पण चोरी नाही. आधीच्या सोनारापुढे मान खाली घालून केलीय. तू फोटो काढ."

दागिन्यांमागचे अर्थ सांगणाऱ्या लोकांची बाईंना विशेष चीड. ऑलिव्हरनं एकदा एका ब्रोचचं वर्णन लिहिलं. वाडग्याच्या काठावर बसून पाणी पिणारी चार कबुतरं होती. त्यानं लिहिलं की हे चिरंतन प्रेमाचं, आत्म्याच्या शांतीचं आणि दांपत्यसुखाचं प्रतीक आहे. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. मग म्हणाल्या, "ऑलिव्हर, दे आर पिजन्स. दे आर थर्स्टी." तो बिचारा लाल झाला. नंतर मी विचारलं की अर्थ नसतोच का मग. "असतो. पण वस्तूत नसतो रे, देणाऱ्याच्या हातात असतो. कुणी कुणाला कोणत्या वेळी दिलं, ते कळलं तर अर्थ. नाही कळलं तर कबुतर ते कबुतर."

हेच ऐकून मी एक आगाऊपणा केला. मंडळाच्या लोकांना सांगितलं की बाईंचं व्याख्यान ठेवा. रविवारी दुपारी चर्चचा हॉल, मागे बटाटेवड्यांचा घमघमाट, समोर आपली सुशिक्षित मंडळी: डॉक्टर, सर्जन, ब्रॅकनेलच्या कंपन्यांतले मॅनेजर. बाई सुंदर बोलल्या. मी काढलेले मोठे फोटो पडद्यावर. मग प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न, कुत्रा गळ्यात घालणं शुभ का. दुसरा, इन्व्हेस्टमेंट म्हणून कसं. तिसरा एका हार्ट सर्जनांचा. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, फ्रेम छान आहे, पण ती काच काढून तिथे डायमंड बसवून मिळतील का?" लोक हसले नाहीत, उत्सुकतेनं पुढे झुकले. बाईंनी प्रोजेक्टरची वायर भिंतीतून ओढली, पर्स घेतली आणि वडा न खाता निघून गेल्या. मला मनापासून बरं वाटलं. आपल्या लोकांना सोन्याचं वजन तेवढं कळतं, बाकी सगळी त्यांच्या लेखी घट. तोळे, मजुरी, घट. यापलीकडे एक शब्द नाही, आणि हृदयाची ऑपरेशनं करतात.

त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत शरयूकाकू होत्या. ईलिंगमधल्या जुन्या मंडळींपैकी. नवरा डॉक्टर, केव्हाच गेलेला. मुलगा मिलिंद हाडांचा सर्जन, सून अपर्णा ब्रॅकनेलला आयटीत, नात रिया नोकरीला मँचेस्टरला, तिचं लग्न ठरलेलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी बाईंना फोन करून घरी बोलावलं. बाईंना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे मी सोबत.

काकूंनी रुमालाची घडी उलगडली. आत एक ब्रोच. पंख पसरलेला भुंग्यासारखा किडा, निळ्याहिरव्या काचेच्या त्याच खसखशीएवढ्या तुकड्यांचा, पुढच्या पायांत लाल सूर्य धरलेला. भोवती सोन्याच्या रव्यांची नक्षी. बाई काही न बोलता उठल्या आणि बेसिनकडे गेल्या. मी समजलो.

"हे कुठून आलं तुमच्याकडे, काकू?" परत येऊन त्यांनी विचारलं.

काकूंनी सांगितलं ते असं. नवीन लग्न होऊन त्या उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलच्या गावी आल्या होत्या. पहिलं बाळंतपण तिथे घरीच झालं, मूल मेलेलंच जन्मलं. नवरा ड्युटीवर, माहेर सातासमुद्रापलीकडे. शेजारी एक म्हातारी कुमारिका राहायची. ती रोज सूप घेऊन यायची आणि काही न बोलता बसायची. एके दिवशी तिनं हा ब्रोच काकूंच्या पदराला लावला. म्हणाली, हा शेणकिडा आहे. इजिप्तमध्ये लोकांना वाटायचं की रात्री मेलेला सूर्य हाच सकाळी पुन्हा ढकलत वर आणतो. पुढच्या खेपेला काकूंनी पूर्ण नऊ महिने तो पदराच्या आत लावला, आणि मिलिंद झाला.

"मिलिंदला माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"मेलेल्या पोराचं कशाला सांगायचं त्याला? आणि आता तर लग्नघर. असलं नाव काढू नये." काकूंनी ब्रोचवरून अंगठा फिरवला. त्यांची नजर अधू झाली होती, दिसण्यापेक्षा हातालाच जास्त कळायचं. "मला हा रियाला द्यायचाय, आहे तसा. लहानपणी मांडीवर बसून ती ह्याच्याशी बोलायची. पण हे दोघं माझं सोनं मोडीत घालून तिला बांगड्या करणार म्हणतायत. आजीचं सोनं नातीच्या अंगावर. त्यांचंही चुकत नाही गं. मी नको म्हटलं तर म्हणतात, म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकतो. मी म्हटलं, टिपणीसांच्या सुलभाला विचारा. ती सांगेल तसं करा. तू सांग त्यांना. तुझ्या तोंडून आलं तर ऐकतील, तू एक्सपर्ट."

"सांगते," बाई म्हणाल्या. "काकू, याला कोणी हात लावणार नाही."

परतताना गाडीत त्यांनी सांगितलं की इतकं चांगलं काम त्यांनी लिलावघरातसुद्धा फार पाहिलेलं नाही. घर जवळ आल्यावर म्हणाल्या की त्या शेजारणीला दागिना कसा द्यावा हे कळत होतं.

थोड्याच दिवसांत काकू घरात पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशननंतर त्यांना जवळच्या केअर होममध्ये ठेवलं. दागिने अर्थातच मिलिंदच्या घरी. लग्न तोंडावर आलेलं, म्हणून अपर्णानं जवळच्या लोकांना केळवणाला बोलावलं आणि बाईंना मुद्दाम फोन केला: "सुलभाताई, तुम्ही या म्हणजे या. आईंचा तो पीस बघून सांगा एकदा, त्यांचा तुमच्यावरच विश्वास." मी गाडीसाठी आणि फोटोंसाठी होतोच.

जेवणं झाली. श्रीखंड झालं. टेबलावरची ताटं अजून उचललेली नव्हती, आणि अपर्णानं तिथेच खरकट्याच्या शेजारी डबा उघडला. पाटल्या, मोहनमाळ, तोडे, आणि त्यांच्यात तो ब्रोच, साखळ्यांत गुंतलेला. एका मावशींनी तो चाटलेल्या बोटांनी उचलला. श्रीखंडाचा पिवळा ठसा पंखावर उमटलेला मी पाहिला.

"अगंबाई, हा तर शेणकिडा," मावशी म्हणाल्या. "शेणातला किडा लग्नात अंगावर घालायचा?"

रिया म्हणाली, "पण माझा आजीला ते खूप आवडतो." तिची मराठी अशीच आहे, पण म्हणणं स्पष्ट होतं. कोणी लक्ष दिलं नाही. तिच्या होणाऱ्या सासूबाई हसून म्हणाल्या, "आवड एकेकाची." मिलिंदनं ब्रोच घेऊन तळहातावर उडवून पाहिला, वांगी घेताना पाहतात तसा. नखानं काच टोकरली. मग अगदी चांगल्या मनानं, आदरानं विचारलं, "सुलभाताई, काच आणि तो खालचा लेप वजा जाता निव्वळ किती तोळे निघेल हो?"

सगळे बाईंकडे बघत होते. उत्तर द्यायला दोन वाक्यं पुरली असती. मी बाईंचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की आता काही खरं नाही. नाकपुड्या आत ओढल्या गेल्या, ओठ मिटले. त्या म्हणाल्या, "मला हात धुवायचेत." हात धुऊन आल्या, कोट घेतला आणि "अपर्णा, जेवण छान होतं" म्हणून दारातून बाहेर पडल्या. मला कॅमेरा गोळा करून मागे पळावं लागलं.

गाडीत त्यांचं सुरू झालं. "शी. श्रीखंडाचे हात रे. नखानं टोकरतोय. सर्जन आहे म्हणे. त्याच्या हातात कोणी गुडघा देऊ नये."

"बाई, पण सांगायचं राहिलं ना."

"अशा माणसांना काय सांगायचं? कबाडखान्यात बसून कविता वाचू?"

"काकूंना तुम्ही शब्द दिलाय. फोन तरी करा."

"त्यांना गरज आहे ना? मग नीट विचारू देत. टेबल पुसून, हात धुऊन विचारा म्हणावं. मग सांगेन."

मी गप्प बसलो, कारण त्या वेळी मलाही त्या ताटांची आणि त्या हातांची तितकीच शिसारी आलेली होती. तरी फोन करा, असं मी नंतरही दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा त्यांनी खुर्ची फिरवली.

लग्नाच्या आधी अपर्णाचा फोन आला, तो बाईंनी स्पीकरवर ठेवला होता, कारण हातात काम होतं. ती आनंदात होती. बांगड्या सुरेख झाल्या होत्या, साउथॉलच्या सोनारानं वेळेत दिल्या. "आणि ताई, माणूस इतका प्रामाणिक, ती काचसुद्धा परत दिली हं पुडीत. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेव्हाच आम्ही समजलो की त्यात काही विशेष नाही. तुम्हाला बोलायला ऑकवर्ड झालं असेल, आईंचं मन मोडायचं म्हणून. थँक यू हं ताई."

बाईंनी फोन ठेवला नाही, तो अपर्णानंच ठेवला. त्यानंतर बाई बेसिनपाशी गेल्या आणि त्यांना उलटी झाली. मी पाणी दिलं. त्या बेसिनला धरून उभ्या होत्या. "ती मूर्ख नाही रे," त्या म्हणाल्या. "तिनं मला विचारलं होतं. घरी बोलावून, जेवायला घालून विचारलं होतं." आणि थोड्या वेळानं, "मला माझी घाण वाटतेय."

मी "तसं नाही हो" म्हणालो नाही. मला बाईंचा राग आलेला होता. अजूनही येतो. खरकट्या ताटाशेजारी ठेवलेल्या वस्तूची किळस येणं मी समजू शकतो. पण ती वस्तू वाचवायची सोडून आपलं नाक वाचवायचं, याला काय म्हणावं? ज्यांना काही कळत नव्हतं त्यांनी प्रेमानं ती मोडली. जिला सगळं कळत होतं, ती हात धुवायला गेली. तोळे मोजणाऱ्यांवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं, पण त्या आठवड्यात मला त्यांच्यापेक्षा आमच्याच जातीची, या नाजूक नाकवाल्यांची, जास्त किळस आली.

बाईंनी अपर्णाकडून ती पुडी आणली. मला एकदा दाखवली. चिकट काळपट लेपाची ढेकळं आणि त्यात निळाहिरवा भुगा. यातून आता काही होणार नव्हतं, हे सांगायला पारखी लागत नव्हता.

लग्न पार पडल्यानंतरच्या रविवारी त्या म्हणाल्या, "केअर होममध्ये सोड मला." वाटेत मी विचारलं, काकूंना काय सांगणार. अपर्णानं त्यांना बांगड्या दाखवून आणल्या होत्या. त्यांनी हातानं चाचपून छान म्हटलं होतं. त्या कशाच्या झाल्या ते कोणी नीट सांगितलं नव्हतं. नाही सांगितलं तरी चालेल, मी म्हणालो. नव्वदीच्या बाईला कशाला?

काकू उशीला टेकून बसलेल्या होत्या. खोलीत डेटॉलचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. बाईंनी खुर्ची जवळ ओढली. काकूंनी आवाज ओळखला, हात पुढे केला आणि बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आलीस? बरं झालं. रियाला मिळाला ना गं तो? मला कोणी सांगतच नाही."

"नाही मिळाला, काकू. मोडला. बांगड्यांत गेला."

काकूंना समजायला वेळ लागला. मग त्यांनी हळूच विचारलं, "तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"नाही."

"का? त्यांनी विचारलं नाही तुला?"

"विचारलं. मी तिथेच होते."

"मग तू काय केलंस?"

"त्यांनी तो खरकट्या हातांनी धरला होता," बाई म्हणाल्या. "मला किळस आली. मी उठून गेले."

काकूंचा चेहरा त्यांच्याकडेच होता, त्या अधू डोळ्यांना किती दिसत होतं कोण जाणे. "अगं, मेलेलं पोर त्या शेजारणीनं स्वतःच्या हातांनी पुसून माझ्या कुशीत दिलं होतं," त्या म्हणाल्या. "तिला नाही आली किळस."

मग त्यांनी बाईंचा हात सोडला. रागानं झिडकारला नाही. बोटं एकेक करून सोडवली आणि आपला तळहात पांघरुणावर पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मी दाराशी उभा होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा हात जिथे सोडला होता तिथेच, पांघरुणाच्या काठावर, उताणा पडून होता. एक मुलगी चहाची गाडी घेऊन आली, काकूंकडे पाहून तशीच पुढे गेली. मी खूण केली की चला. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं, आणि मी खाली गाडीत जाऊन बसलो.